गोडेतेलाचा डबा

एक होते जालिंदर गुरुजी, एक होती त्यांची लेक वैजयंता, आणि गावाबाहेर दर्ग्याच्या बारवेवर बसलेला एक होता बुडकीबाबा. बाबा फकीर माणूस. चाळीस वर्षं गावची पोरं त्याच्या हाताखाली पोहायला शिकली, म्हणून हे नाव पडलं. खरं नाव त्याला स्वतःलाच आठवावं लागायचं.

"बाबा, माझ्या शाळेतली पोरं शहरात टिकत का नाहीत?" गुरुजींनी एक दिवस येऊन विचारलं.

बाबा फुटाणे खात होता. म्हणाला, "बसा."

गुरुजी बसले नाहीत. गावच्या शाळेत बारावीपर्यंत शिकवणारे ते, एम. ए. बी. एड.; फकिराच्या पायरीवर बसायला त्यांना वेळ कुठला? उभ्याउभ्याच त्यांनी गाऱ्हाणं घातलं. पोरं पहिल्या वर्गात पास होतात, विद्यापीठात शिकायला जातात आणि दिवाळी आली की वळकटी घेऊन परत. मागच्या साली तिघं आली. एकाचं म्हणणं, तिथले सर उतरवून देत नाहीत, नुसते बोलतात. तो पेनाचं टोपण काढून चार दिवस बसून राहिला, पाचव्या दिवशी गावी आला. एक पोरगी, सुगंधा तिचं नाव, वसतिगृहाच्या कचेरीत बंद खिडकीसमोर संध्याकाळपर्यंत उभी. शेजारची खिडकी उघडी होती. तिसऱ्याला मेसमध्ये दुसरी पोळी मागायची लाज वाटायची, तो वाळून आला.

"मी काय कमी केलं? नोट्स मी उतरवून देतो. अर्ज मी भरतो. दाखले हरवतील म्हणून माझ्या कपाटात ठेवतो. खोलीसुद्धा मीच जाऊन बघून येतो."

बाबाने एक फुटाणा चावला.

"यंदा कोणाची पाळी?"

इथे गुरुजींचा आवाज उतरला. पाळी वैजयंताची होती. परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता, पोर तालुक्यात वर येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ती म्हणत होती, मी जातच नाही. जाऊन परत येण्यापेक्षा इथेच शिवणक्लास लावते.

"पोहता येतं तिला?"

"नाही. त्याचा इथे काय संबंध?"

"उद्यापासून आणा. पंधरा दिवस. तुम्हीपण या."

"मी कशाला?"

"बसायला."

दुसऱ्या दिवशी वैजयंता आली, कोरडे कपडे घेऊन तिची आई गिरिजाबाई आली, आणि गुरुजी आले. बाबाने गोडेतेलाचा पाच किलोचा रिकामा डबा घेतला, बूच घट्ट लावलं आणि मऊ दोरीने पोरीच्या पाठीला बांधला. नियम एकच सांगितला. पाण्यात नाही तो बोलणार नाही.

गुरुजींनी हा नियम तीन पायऱ्या पाळला. पोर चौथ्या पायरीवर पोचली आणि काठावरून सुरू झालं. वैजू, उजवा पाय. वैजू, श्वास. वैजू, डोकं वर, अगं वर म्हणजे वर. ती बिचारी बाबाकडे बघू की बापाकडे, या घोळात दोन घोट पाणी प्याली.

बाबा दुखऱ्या गुडघ्यांनी पायऱ्या चढून वर आला. गुरुजींची मूठ उघडली, तिच्यात फुटाणे घातले.

"तोंड रिकामं ठेवू नका."

चार दिवसांत गुरुजींचं पोट बिघडलं, पण बोलणं काही थांबलं नाही. बसणं तर नाहीच. बारवेच्या कडेने घाण्याच्या बैलासारखे फिरायचे, आणि बाबा रोज तीच पायरी हाताने झाडून त्यांच्यासाठी मोकळी ठेवायचा.

आठव्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं, की आधी बदकासारखा वर तरंगणारा डबा आता खाली गेलाय. नुसतं बूच दिसतंय.

"बाबा, डबा गळतोय."

बाबा पायरी झाडत राहिला.

"बाबा, मी डब्याबद्दल बोलतोय."

"ऐकतोय."

"मग बदला की."

अकराव्या दिवशी गुरुजी आठवडी बाजारातून दोन कोरे डबे घेऊन आले. म्हणाले, एक पाठीला, एक पोटाला.

बाबाने त्या डब्यांकडे पाहिलं. गुरुजींकडे पाहिलं. मग आभाळाकडे पाहिलं, आणि तिथूनही काही उत्तर येईना तेव्हा बारवेत हाक मारली. वैजयंता मधोमध होती. हात मारत कडेला आली, पायऱ्या चढून वर आली. बाबाने तिच्या पाठीचा डबा सोडला आणि गुरुजींच्या हातात दिला.

गुरुजींचा हात खसकन खाली गेला.

बाबाने बूच काढलं. डबा कलता केला. भडभड पाणी गुरुजींच्या चपलांवर सांडलं, आणि सांडतच राहिलं.

"हा भरलेला होता," गुरुजी म्हणाले. "माझी पोर भरलेला डबा बांधून त्या पाण्यात होती, आणि तुम्ही इथे फुटाणे खात होता."

"तुम्हालाही दिले होते."

गुरुजी लेकीकडे वळले. "तुला कळलं नाही? एवढा जड डबा..."

वैजयंता वेणी पिळत होती. "मीच भरते, अप्पा. तिसऱ्या दिवसापासून. बाबा म्हणाले, मनाला येईल तेवढंच घाल. पहिल्यांदा पेलाभर घातलं. परवा बुचापर्यंत भरला."

गुरुजींनी बायकोकडे पाहिलं.

"पेला मीच घरून आणला होता," गिरिजाबाई म्हणाल्या, आणि पंच्याची घडी घालत राहिल्या.

गुरुजी दोन्ही कोरे डबे उचलून तडक घरी गेले. दोन दिवस जेवताना कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कपाट उघडलं आणि ज्याचे दाखले त्याच्या हातात दिले.

शाळा सुरू झाली तेव्हा गावाला वाटलं, गुरुजींचं काहीतरी बिनसलंय. रोज फळ्यावर एक ओळ कमी उतरवून द्यायचे. काल वीस, तर आज एकोणीस. पोरं चिडली. पालक भांडायला आले, मास्तर आळशी झाला म्हणाले. अर्ज ज्याचा त्याने भरायचा. एकाने गावाच्या रकान्यात बापाचं नाव लिहिलं. गुरुजींची जीभ वळवळायची. तेवढ्यासाठी सदऱ्याच्या खिशात त्यांनी फुटाण्यांची पुडी ठेवली होती.

निकाल लागला, आणि शिवणक्लासचं नाव न काढता वैजयंता शहराला निघाली तेव्हा गुरुजी एसटीच्या थांब्यापर्यंतच गेले, तेही तोंडात फुटाण्यांचा बकाणा भरून. एसटी सुटेपर्यंत एक सूचना देता आली नाही. डोळे मात्र भरले होते, ते फुटाण्यांनी अडत नाहीत.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. दोन खिडक्या चुकल्या, तिसरीवर काम झालं.

दिवाळीला ती आली. वळकटी दिसते का म्हणून सारी आळी दारात उभी होती. तिच्या हातात लहानशी पिशवी. चार दिवस राहिली, भाऊबीज झाली, आणि दुसऱ्या सकाळी पहिल्या एसटीने परत गेली. जाताना एकटी गेली नाही. बंद खिडकीपुढे उभी राहिलेली सुगंधा, ती शेजारच्या सीटवर बसली होती, आपले दाखले मांडीवर घेऊन.

त्या दिवशी गुरुजी करंज्यांचा डबा घेऊन बारवेवर आले. चपला काढल्या. झाडून ठेवलेल्या पायरीवर कोणी न सांगता बसले.

"बाबा, एक कोडं सुटत नाही. तिला पोहता यायला लागलं होतं. डबा भरलाय हे तिला ठाऊक होतं. मग तुम्ही तो अकराव्या दिवसापर्यंत बांधत राहिलात कोणासाठी?"

बाबाने करंजी फोडली, अर्धी त्यांच्या हातावर ठेवली.

"तुमच्यासाठी."