चिंधीचा बेडूक

“म्हंजे राग गिळून बसू म्हणता? माह्या बापाचा खुंटा चुलीत घातला त्यानं, बुवा... चुलीत! अन् मी गप ऱ्हाऊ?”

“मी कुठं काय म्हटलं?” बकारामबुवा म्हणाले. “तोंडही उघडलं नाही म्या अजून. मघापासून तूच बोंबलून राहिला. मासे पळाले सारे.”

बुवांची नजर पाण्यावर तरंगणाऱ्या भेंडाच्या तुकड्यावर होती. हातात बांबूची काठी, काठीला दोरा, दोऱ्याला गळ, गळाला गांडूळ. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, अगदी पाण्याला लागून त्यांची मढी होती, आणि मढीच्या पायरीवर बसून ते रोज सकाळी खवल्या धरायचे. खवली म्हणजे बोटभर मासा, पण हावरट. काही पडलं की पहिला तोंड घालणार.

आता बुवा म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पांढरी दाढी, अर्धे मिटलेले डोळे आणि मंद हसू येणार. तसला बुवा हवा असेल तर दुसरीकडे शोधा. हे बुवा दर्शनाला आलेल्या माणसाला आधी शिवी घालत आणि मग पाणी विचारत. तरी लोक येत. लोकांचं काय, ते शिवीलासुद्धा प्रसाद म्हणतात.

शालिक नान्हे त्यातलाच एक. जातीचा ढिवर, पिढीजात मासेमार, अंगानं दांडगा, आणि मरळ मारण्यात त्याचा हात धरणारा साऱ्या तलावावर कोणी नव्हता. हे त्याला चांगलंच ठाऊक होतं आणि दुसऱ्यांनाही ठाऊक असावं याची तो काळजी घेत असे. बुवांना त्यानं गुरू केलं होतं. ऐकत मात्र स्वतःचंच असे.

“खुंटा चुलीत घातला,” तो पुन्हा म्हणाला. जणू बुवांना ऐकूच गेलं नव्हतं.

त्या तलावावर प्रत्येक घराचा एक खुंटा असतो. पाण्याच्या कडेला ठोकलेला, मोठं जाळं बांधायचा. जिथं खुंटा, तिथलं पाणी त्या घराचं. पळस फुलले, तलाव उतरणीला लागला की पाळीवर बैठक बसते आणि जो तो उभा राहून सांगतो, माझा खुंटा इथं. शालिकचा खुंटा त्याच्या बापानं ठोकला होता, स्वतःच्या हातानं तासलेल्या सागाचा. बाप गेला, खुंटा राहिला. शालिक जाळं बांधताना त्याला आधी हात लावायचा आणि मग कपाळाला.

तो खुंटा रतिरामनं उपटला. रतिराम, त्याचा सख्खा चुलतभाऊ. उपटला तो उपटला, वर तिथंच तीन दगड मांडून त्याच्यावर चहा केला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाजला.

“आज बैठक हाय ना?” बुवांनी विचारलं.

“हाय. उन्हं कलली का बसते.”

“अन् तू काय करणार?”

“डोकं फोडतो त्याचं.” शालिकनं हातातलं वल्हं पायरीवर आपटलं. “हे पाहा, घेऊनच आलो.”

“पाळीवर फोडशील?”

“पाळीवर! साऱ्यांच्या देखत!”

“बैठकीच्या दिवशी पाळीवर जो हात उचलते त्याचं पाणी जाते.”

“गेलं तं गेलं!”

“कोणाकडं जाते?”

“भावकीकडं जाते. नेमच हाय तो. तुम्हाले नाही मालूम?”

“तुह्या भावकीत कोण हाय?”

“तोच तं हाय मेला! दुसरा कोण?”

शालिक हे बोलला, पण त्याच्या कानांपर्यंत ते पोचलं नाही. कानात नुसता खुंटा जळत होता.

“पोरी काय खातील?” बुवा म्हणाले.

“पोरींचं नाव काढू नका, बुवा! तुमच्या पाया पडतो, पण पोरींचं नाव काढू नका. इज्जत गेल्यावर खाऊन काय करायचं?”

भेंड बुडालं. त्यांनी काठी झटकली. गळ रिकामाच वर आला, गांडूळ खाऊन खवली पसार झालेली. बुवांनी खवलीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि नवीन गांडूळ लावलं.

शालिकनं ओलं पोतं पुढं सरकवलं.

“काय हाय?”

“तुमच्यासाठी आणला. पहाटे मारला. आशीर्वाद द्या अन् मोकळं करा मले.”

पोत्यात मरळ होता. हातभर लांब, काळाभोर, सापासारख्या डोक्याचा. असा मासा पाहून बुवांच्या तोंडाला पाणी सुटायचं, आणि ते ते लपवतही नसत. आज त्यांनी मासा उलटा केला, पोटावर बोट दाबलं, आणि त्यांचा चेहरा बदलला.

“कुठं मारला?”

“इथंच. त्या शेवाळाच्या कडेला.”

“कशावर?”

“बेडकावर. गळाला बांधलेल्या चिंधीच्या.” या बाबतीत शालिकला राग असतानाही मिरवायचं भान होतं. “टाकला अन् दोनदा नाचवला. असा आला, बुवा, असा आला, काठी मोडते का काय वाटलं.”

“लेकरं होती खाली?”

शालिक रिकामं पोतं पिळू लागला.

“लेकरं होती का म्हणतो!”

“...होती.”

“अरे हरामखोरा!”

बुवा उठले. एवढा म्हातारा माणूस एवढ्या झटक्यात उठेल असं शालिकला वाटलं नव्हतं. काठी एकीकडं, गांडुळांचं डबडं दुसरीकडं.

“पिल्लांवरचा मरळ मारला? माह्या दारात? तुह्या बापानं जन्मात मारला नाही पिल्लांवरचा! अन् त्याच्या खुंट्यासाठी रडून राहिला मघापासून? लाज नाही वाटली, नालायका?”

“राग होता डोक्यात, बुवा... काही सुचत नव्हतं... समोर दिसला अन्...”

“अन् मले नैवेद्य आणला! वा रे वा!”

मढीच्या कोनाड्यातून बुवांनी सुरी आणली. मासा पायरीवर धरला आणि पोट फाडलं. मग सुरीच्या टोकानं आतलं उघडून दाखवलं.

“पाहा. काय खाल्लं होतं त्यानं?”

शालिकनं पाहिलं. हजारदा मासे चिरले होते त्यानं. मरळाच्या पोटात काय काय निघतं ते त्याला सांगायची गरज नव्हती. खवल्या, झिंगे, एकदा तर उंदीर निघाला होता.

“काही नाही,” तो म्हणाला.

“काहीच?”

“पिल्लं असली का खात नाही तो. राखत बसते.”

“खाऊन नव्हता. भूकही नव्हती. मंग चिंधी काहून गिळली?”

“गिळायले नव्हताच आला तो. रागानं आला. बेडूक पिल्लांवर पडला का मरळ रागानं...”

शालिक थांबला.

बुवांनी सुरी पायरीवर ठेवली. कुठंतरी भारद्वाज घुमत होता. ऊन पाण्यावर आलं होतं...

“तिकडं पाहा,” बुवा म्हणाले. आवाज खाली आला होता, पण राग कमी झाला नव्हता.

शेवाळाच्या कडेला पाण्यात लालसर गोळा दिसत होता. मरळाची पिल्लं. मोहरीपेक्षा थोडी मोठी, एकमेकांना चिकटून, श्वासाला एकदम वर येणारी आणि एकदम खाली जाणारी. गोळा एका जागी वळवळत होता, कारण त्याला नेणारं कोणी नव्हतं. जोडीतला दुसरा मरळ कुठं दिसत नव्हता. आणि चारी बाजूंनी पाण्यात बारीक चमक उठत होती. खवल्या. एक आली, टिपून गेली. दुसरी आली.

“वल्हं घे,” बुवा म्हणाले.

“काय करू?”

“उतर पाण्यात. त्यांचा राखणारा तू मारला. आता तू राख.”

“बुवा, बैठक...”

“उन्हं कलायले लय वेळ हाय. उतर म्हणतो ना! का धक्का देऊ?”

शालिक धोतर खोचून पाण्यात उतरला. कमरेइतक्या पाण्यात, शेवाळात, वल्हं हातात. ज्याचं डोकं फोडायला ते आणलं होतं तो राहिला बाजूला, आणि हा बोटभर खवल्या हाकलत होता. इकडून आल्या की इकडं वल्हं आपटायचं. तिकडून आल्या की तिकडं वळायचं. तोंडानं शिव्या चालूच होत्या. खवल्यांना, रतिरामला, मनातल्या मनात बुवांनाही. डोळ्यांत घाम जात होता. पण खरं सांगायचं तर थोड्या वेळानं तो गोळा त्याच्या पायांजवळ येऊन थांबला, आणि त्यानं पाय हलवायचे बंद केले.

तेवढ्यात वरून हाक आली.

“काय शाल्या! शेवाळ विकाले काढलं का?”

पाळीवर रतिराम उभा होता. कोरा सदरा, खांद्यावर उपरणं, मागं त्याचे दोघे दोस्त. बैठकीला निघाला होता, आणि चांगला लवकर निघाला होता.

शालिकनं वर पाहिलं.

“म्या म्हटलं येशील खुंट्याचं विचारायले. दोन दिस झाले, वाट पाहून राहिलो. बाईलबुद्ध्या, बुवाच्या मागं लपला का?”

शालिकच्या हाताची मूठ वल्ह्यावर आवळली.

“सागाचा होता खुंटा,” रतिराम दोस्तांकडं वळून मोठ्यानं म्हणाला. “धूर लय झाला. काकाजी जित्तेपणीही असेच धुपत होते, जळत काही नव्हते. चहा कच्चाच राहिला.”

दोस्त हसले.

शालिक निघाला. पाणी फाडत निघाला, वल्हं डोक्याच्या वर, तोंडातून शब्द नाही, नुसता आवाज. गुडघाभर पाण्यात आला. पाळीचा पहिला दगड हाताच्या अंतरावर राहिला. वर रतिराम मागं सरला नाही. उलट उपरणं खांद्यावरून काढून दोस्ताच्या हातात दिलं, आणि दोन्ही हात मागं बांधून, डोकं किंचित पुढं करून उभा राहिला.

बुवा पायरीवर बसून गळाला गांडूळ लावत होते. त्यांनी मान वळवली नाही.

“पडला बेडूक,” ते म्हणाले.

शालिकचा पाय दगडावर टेकता टेकता राहिला.

त्यानं रतिरामकडं पाहिलं. मागं बांधलेले हात. पुढं केलेलं डोकं. दोन दिवस वाट पाहणारा माणूस. तोच तं हाय मेला, दुसरा कोण... आपलाच आवाज त्याला आता ऐकू आला.

मागं पाण्यात चुळबूळ झाली. त्यानं वळून पाहिलं. तो निघताच लाल गोळा फुटला होता, आणि चहूकडून खवल्या तुटून पडल्या होत्या.

शालिक वळला. वल्हं आपटत, ओरडत परत गेला आणि गोळ्याच्या मधोमध उभा राहिला. छाती धपापत होती. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते रागाचंच होतं.

“अरे ये ना वर!” रतिराम ओरडला. “ये ना! मर्दाचा असशील तं ये! तुह्या पोरींले सांगतो, बाप तुमचा...”

शालिकनं पाण्यावर वल्हं हाणलं. पुन्हा हाणलं. वर पाहिलं नाही.

रतिराम आणखी बराच वेळ बोलला. पहिल्यांदा मोठ्यानं, मग खूप मोठ्यानं, मग त्याचाच आवाज चिरकला. दोस्तांपैकी एक म्हणाला, “चाल ना बे, लोकं पाहून राहिले.” रतिरामनं उपरणं हिसकावून घेतलं आणि तो निघून गेला.

उन्हं कलली. पाळीवर माणसं जमू लागली. ज्यांनी तो चहा प्यायला होता तीही आली, खाली माना घालून बसली. शालिक तसाच पाण्यात उभा होता. हात भरून आले होते.

“बैठकीत जावं लागते, बुवा,” तो अखेर म्हणाला. “उभं राहून खुंट्याची जागा सांगावी लागते. अन् कोणी उपटला तेही. नाही सांगितली तं तसंही पाणी जाते.”

“मंग जा ना.”

“अन् हे?” त्यानं पायाजवळच्या गोळ्याकडं पाहिलं.

बुवांनी गळ गुंडाळला. गुडघे धरून, कण्हत, तलावाला शिव्या घालत ते पायऱ्या उतरले आणि लंगोटीसकट पाण्यात शिरले. शालिकच्या हातातलं वल्हं त्यांनी ओढून घेतलं.

“याची गरज नाही तुले तिथं. आण इकडं.”

शालिक काठावर आला. धोतर पिळलं. पाळीवरच्या गर्दीत रतिरामचा कोरा सदरा लांबूनही दिसत होता, आणि तो दिसताच छातीत पुन्हा भडका उठला, सकाळइतकाच.

“बुवा,” तो वळून म्हणाला. “हात नाही उचलत. शब्द देतो. पण खोटं कायले बोलू तुमच्यापाशी... राग गेला नाही माहा. जसाच्या तसा हाय.”

बुवांनी डावीकडं एकदा वल्हं आपटलं. पाण्यात चमक उठली आणि विझली.

“जाऊ देऊ नको,” ते म्हणाले. “राखायले लागते तो. खवल्या टपून हायेत.”