छोट्या दिव्याचा हट्ट

"छोटा दिवा मोठ्या दिव्यापेक्षा लख्ख पेटवून दाखव, सटवाजी, तरच तुझी चाकरी राहील! नाहीतर दसरा झाला की गाशा गुंडाळायचा!"

हिरवडी संस्थानच्या राजेसाहेबांनी हे भर दरबारात फर्मावलं. राजेसाहेब मनाचे वाईट नव्हते, पण एकदा हट्टाला पेटले की त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

झालं होतं असं, की राजवाड्यात नुकतीच वीज आली होती. सटवाजी दिवटे तिथला पिढीजात मशालजी. आता विजेचे दिवे लागले, मग मशालजी हवाय कशाला? राजेसाहेबांनी त्याला कामावरून काढलं. कामाबरोबर राहती खोलीही जाणार होती. बिचारा काकुळतीला येऊन म्हणाला, "सरकार, ल्हान मानसाचा उजेडबी कधीमधी मोठ्याहून जास्ती पडतो."

हे राजेसाहेबांना झोंबलं! त्यांनी सिंहासनावरच्या मोठ्या दिव्याकडे बोट दाखवलं, मग दारावरच्या छोट्याकडे. "दिवे हेच, वीज हीच! नवा दिवा आणायचा नाही, मोठ्यावर फडकं टाकायचं नाही, आणि दोन्ही पेटलेले दिसले पाहिजेत!"

दिवाणजी हळूच म्हणाले, "सरकार, हे म्हणजे बैलाचं दूध काढायला सांगण्यासारखं झालं."

"मग काढू दे की!" राजेसाहेब गरजले.

सटवाजी घरी येऊन डोक्याला हात लावून बसला. त्याची मुलगी साळू भाकरी थापत होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आबा, छोटा दिवा मंद का जळतो?"

"छोटा हाय म्हणून!"

"ह्ये काय कारण झालं?" साळू म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच वीजघरात जाऊन उभी राहिली.

वीजघराचा धोंडीराम मिस्त्री भला माणूस. त्याने दोन्ही दिवे तिथे आणवले आणि एकेक पेटवून दाखवला. भिंतीवर घड्याळासारख्या दोन तबकड्या होत्या. एकीवर विजेचा जोर दिसे, तो व्होल्टमध्ये. दुसरीवर विजेची धार, ती अँपिअरमध्ये. जोर दोन्ही दिव्यांना सारखाच, दोनशे व्होल्ट. पण धारेचा काटा मोठ्याच्या वेळी अर्ध्या अँपिअरवर गेला आणि छोट्याच्या वेळी कसाबसा अष्टमांशावर.

"म्हणजे आठ आणे आन् दोन आणे!" साळू म्हणाली.

"तसंच समज," मिस्त्री हसला. "आता जोराला धारेनं गुण. दिव्याची ताकद निघती. मोठा शंभर वॉट, छोटा पंचवीस. झालं समाधान?"

"आन् गुणायच्या जागी भागलं तर?"

"तर अडवणूक निघती. दिवा विजेला किती अडवतो ती. तिला ओहम म्हणत्यात."

साळूने बोटांवर हिशेब केला. मोठा चारशे ओहम, छोटा सोळाशे!

"अगं बाई! म्हंजी छोटा दुबळा न्हाईच! ह्यो तर चौपट हट्टी हाय!"

आणि ती हसतच सुटली. घरी पोचेपर्यंत हसत होती. सटवाजीला वाटलं, काळजीने पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

दसऱ्याच्या संध्याकाळी दरबार भरला. तबकांत आपट्याची पानं मांडलेली. बाकीचे सगळे दिवे मालवले आणि ते दोघेच ठेवले. साळूने पक्कड हातात घेऊन विचारलं, "सरकार, विजेची वाट बदलली तर चालंल?"

"वाट बदल नाहीतर गाव बदल! दिवे तेच पाहिजेत!"

मिस्त्रीने वीज थांबवली. आधी दोन्ही दिव्यांना वेगवेगळ्या तारा होत्या. साळूने त्या सोडवून अशा जोडल्या, की मोठ्यातून निघालेली वीजच पुढे छोट्यात जावी.

"सोडा वीज!"

मोठा दिवा विडीच्या टोकासारखा नुसता लालसर झाला. आणि दारावरचा छोटा? नेहमीपेक्षा जरा मवाळ होता, पण मोठ्याच्या मानाने लख्ख! सटवाजीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"ही जादू आहे!" राजेसाहेब ओरडले.

"जादू न्हाई सरकार, लग्नाचा मांडव हाय!" साळू म्हणाली. "आता वाट एक, म्हणून धार दोघांना सारखीच. पण जोर कुणावर खरचायचा? जो अडून बसतो त्याच्यावर! मांडवात बाकीचे मुकाट जेवत्यात, आन् समदं घर रुसलेल्या जावयाच्या मागं लागतं. न्हाई का?"

दिवाणजी खोकले. त्यांचा जावई मोठा रुसका होता.

"बघतोच मी या जावयाला!" म्हणत राजेसाहेब तरातरा दारापाशी गेले, स्टुलावर चढले आणि शेल्याने धरून छोटा दिवा फिरवून काढला.

दरबारात काळोख गुडुप! कुणाच्या तरी हातून तबक पडलं, कुणी दिवाणजींच्या पायावर पाय दिला.

"अरे, मोठ्याला मी हात तरी लावला का? तो का विझला?"

"त्याची वाट छोट्यातनंच जाती, सरकार," अंधारातून साळू म्हणाली. "छोट्याला काढलं, की सिंहासनबी अंधारात!"

"बरं, बरं! पण मी उतरू कसा? अरे सटवाजी, पळ! मशाल आण!"

"कोण आणणार, सरकार?" साळूचा आवाज अगदी गरीब. "तुमी मशालजीलाबी काढलंय न्हवं?"

मग स्टुलावरून असं गडगडून हसू आलं, की स्टूल डगमगायला लागलं!

"हरलो, पोरी, हरलो! सटवाजी आजपासून राजवाड्यातल्या सगळ्या दिव्यांचा कारभारी! खोली कायमची त्याची! आणि धोंडीराम, ही पोरगी उद्यापासून तुझ्या वीजघरात! पण आधी मशाल आणा रे, मी अजून स्टुलावरच आहे!"