धाकूचं बोळकं

फार वर्षांपूर्वी, देवळापुढचा म्हातारा फणस अजून आठळीतच झोपला होता त्या काळी, नांदखोल गावात धाकू नावाचा एक माणूस राहत होता. मी काही त्याला पाहिलेलं नाही. माझ्या आज्यानंही पाहिलेलं नव्हतं. पण त्याचं बोळकं मी रोज पाहतो, म्हणून सांगतो.

गाव लहान, बारा-पंधरा घरांचं. मागं डोंगर, पुढं नदी. नदीवर लाकडांचा साकव. पाऊस सुरू व्हायच्या आत साकव काढून ठेवायचा, नाहीतर नदी घेऊन जाणार. मग नदीचा जोर ओसरेपर्यंत गावात कुणी यायचं नाही की गावातून कुणी जायचं नाही. म्हणून उन्हाळाभर घरोघरी बेगमी चालायची. परसातली भाजी चिरून वाळवायची, कैऱ्या खारात घालायच्या, फणसाच्या आठळ्या मातीत लोळवून ठेवायच्या, कुळीथ राखेत. ही सगळी कामं बायकांची. बाप्या माणसानं फार तर बरणी उचलून माळ्यावर ठेवायची.

धाकूला एक खोड होती. त्याला बघितल्याशिवाय राहवायचं नाही. बी पेरलं की दुसऱ्या दिवशी माती उकरून बघणार, कोंब आला का? कोंब आला की उपटून बघणार, मूळ केवढं झालं? त्याची बायको हसायची, बी परत पुरायची आणि म्हणायची, "तुम्ही लांब उभे राहा, म्हणजे उगवेल." असं म्हणतात की ती होती तोवर त्या परसात भोपळे कौलांवर चढायचे.

पण एका पौषात ती तापानं गेली. मागं राहिल्या दोन मुली. थोरली द्रुपदी दहा वर्षांची, धाकटी मैनी सातची.

दिवस-पाणी उरकलं आणि बायकोची थोरली बहीण, आक्का, निघायच्या आधी ओटीवर बसली. चांगली बाई होती ती, पण करडी. म्हणाली, "पावणे, पोरींना घेऊन जाते मी."

"का म्हणून?"

"का म्हणून काय? पावसाळ्यात खायला काय घालाल? बाप्याच्या हातानं कधी बेगमी झालीय?"

"करीन की. विचारून करीन."

"विचाराल हो, तुमचा जन्मच विचारण्यात गेला." मग पोरींची तोंडं बघून ती जरा नरमली. "बरं. गौरी आणायच्या दिवशी येईन. पाणी उतरलेलं असेल तर चालत, नाहीतर होडीनं. माळ्यावर चढून बघेन. माळा रिकामा दिसला तर त्याच पावली दोघींना नेईन."

धाकूनं मान हलवली. दुसरं काय करणार?

मग तो घरोघर विचारत फिरला. कैरीला मीठ किती? शेजारच्या गंगूकाकी म्हणाल्या, "अंदाजानं."

"अंदाज म्हणजे किती, काकी?"

"अरे मेल्या, अंदाज हातात असतो, तोंडानं कसा सांगू?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तरी एकेकीनं एकेक गोष्ट सांगितली. ओला हात लावू नको. कैरीचं देठ मोडू नको. धाकूनं सगळं तसंच केलं. चैत्रात चांगली मोठी बरणी भरली, वर फडक्याचा दादरा बांधला. आणि मग त्याची खोड उठली. मुरलं असेल का? सकाळी दादरा सोडून बघितलं. दुपारी बघितलं. संध्याकाळी बोट घालून चाखलं. आठ दिवसांत वर पांढरी साय आली आणि बरणी नासली.

कोंबडीचं तेच. बायकोची काबरी कोंबडी खुडूक बसली होती. धाकूनं तिच्याखाली अकरा अंडी ठेवली आणि तासातासाला तिला उचलून बघू लागला. काबरीनं चार दिवस सोसलं, पाचव्या दिवशी त्याच्या अंगठ्याला चोच मारून उठली ती परत बसलीच नाही. अकराच्या अकरा अंडी गार.

द्रुपदीनं अंडी उकिरड्यावर पुरली आणि परत येऊन म्हणाली, "बाबा, तुमच्या बघण्यानं नासतंय हो सगळं."

मैनी मागून म्हणाली, "मावशीकडे खेळायला कोण आहे?"

 त्या दिवशी धाकू जेवला नाही.

काही दिवसांनी काबरी पुन्हा खुडूक झाली, पुन्हा अकरा अंडी खाली ठेवली. या खेपेला धाकूनं काय केलं? पंचा घेतला आणि द्रुपदीला सांगितलं, "माझे हात बांध." असं म्हणतात की कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसली आणि धाकू एकवीस दिवस, शेतात नसेल तेव्हा, हात बांधून तिच्यासमोर बसला. मैनी त्याला पेज भरवायची. गावातल्या बायका पाणी न्यायच्या निमित्तानं बघून जायच्या. "काय रे धाकू, तू किती अंड्यांवर बसलायस?"

काबरी त्याच्याकडे बघायची, तो काबरीकडे. अठराव्या दिवशी काबरी जराशी उठली. तिनं पायानं एक अंडं बाजूला सारलं आणि लोटत लोटत धाकूच्या पुढ्यात आणून सोडलं. मग मान वाकडी करून बोलली. हो, बोलली असं म्हणतात. "घे. हे बघ. बाकीच्यांना हात लावू नको."

कुणी म्हणतं, ते अंडं वांझ होतं आणि कोंबड्या वांझ अंडं सारतातच. असेलही. पण धाकूनं हात सोडवले, ते अंडं फोडलं, मन भरेपर्यंत बघितलं. तीन दिवसांनी दहा पिल्लं निघाली. आणि धाकू उठून थेट कुंभाराकडे गेला.

वैशाखात त्यानं पुन्हा बरणी भरली. त्याच झाडाच्या कैऱ्या, तेच मीठ, तीच वेळ. पण त्यातल्या दोन कैऱ्या एका बोळक्यात घातल्या. बरणी गच्च बांधून माळ्यावर, बोळकं ओटीवर. वाळवलेल्या वांग्यांचं असंच, भेंडीचं, आठळ्यांचं, कुळथाचं. बेगमी माळ्यावर, तिचं बोळकं ओटीवर. ओटीवर बोळक्यांची रांग लागली. मग धाकू त्यांत दिवसभर बघायचा, हुंगायचा, कैरीचा खार कोरड्या काडीनं चाखायचा. माळ्याकडे मान वर करायचा नाही.

त्या साली पाऊस असा लागला की श्रावणात सूर्य दिसला नाही. कुणी म्हणतात सोळा दिवस, कुणी म्हणतात सगळा महिना. घरात मीठ पाझरू लागलं. एका सकाळी धाकूनं भेंडीच्या बोळक्यात हात घातला तर फोडी मऊ लागल्या. तो पावसात धावत सुटला. "काकी, भेंड्या काढा! आजच चुलीवर टांगा, धूर द्या!"

"माझ्या भेंड्या कडकडीत आहेत रे."

"बोळकं आधी हरतं, काकी. उद्या माळा हरेल."

गंगूकाकींनी बघायला म्हणून मूठभर काढल्या. कडकडीत होत्या खऱ्या, पण वास पालटला होता. त्या दिवशी सगळ्या गावाच्या कौलांतून धूर निघाला. पुढं रोज सकाळी बायका इरली पांघरून धाकूच्या ओटीवर यायच्या. हसायला नाही, बोळकी बघायला.

गौरीच्या दिवशी आक्का होडीनं आली. हातपाय धुवून तडक माळ्यावर चढली. फोडी बघितल्या, आठळ्या बघितल्या. मग मोठ्या बरणीजवळ आली.

"यात काय आहे?"

"कैऱ्या."

"कशा झाल्यात?"

"ठाऊक नाही. वैशाखापासून उघडली नाही मी."

आक्का त्याच्याकडे बघतच राहिली. "तुम्ही? तुम्ही उघडून बघितलं नाही?"

"बोळक्यातल्या अजून चांगल्या आहेत. म्हणजे ह्याही असतील."

"असतील म्हणजे? पोरींचं पोट असतीलवर भरतं का?"

खाली शिडीपाशी दोघी मुली उभ्या होत्या. मैनीनं शिडी घट्ट धरली होती.

आक्कानं दादरा सोडला, झाकण काढलं. आणि असं म्हणतात की आतून वैशाखातलं ऊन बाहेर आलं. माळाभर पिवळा उजेड पडला, पावसानं गारठलेल्या खुराड्यात काबरीचा तुरेवाला पोरगा पहाट झाली म्हणून आरवला. कैऱ्या घातल्या तशा, हिरव्या, करकरीत. आक्कानं एक चाखली. तिला बहिणीच्या हाताची चव लागली. ती तिथंच माळ्यावर बसून रडली. मग खाली आली, भाकऱ्या थापल्या, चार दिवस राहिली आणि एकटी परत गेली. जाताना एक बोळकं मागून नेलं.

धाकू पुढं कधी गेला ते कुणाला नीट सांगता येत नाही. पण नांदखोलात अजून कुठलीही बरणी भरली की आधी धाकूचं बोळकं भरतात आणि ओटीवर ठेवतात. खुडूक कोंबडीखालचं अंडं कुणी उचलत नाही, तिनं सारलं तर तेवढं घेतात. गौरीच्या दिवशी कोंबडा आरवला की मोठी बरणी उघडतात आणि पहिली फोड घरातल्या धाकट्या मुलीला देतात.

आणि एखादं पोर फार विचारायला लागलं, हे काय, ते का, आत काय आहे, तर आमच्या गावात त्याला गप्प बस म्हणत नाहीत. ओटीवरचं बोळकं त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, "घे. हे बघ."