एक पिन आणि चूलबंद आवतण

"भोक एक आणि पिना तीन! बसवा!"

उंबरकोटच्या भुलोजीराजांनी हातातलं गेमचं यंत्र भर दरबारात नाचवलं. तळहाताहून थोडं मोठं, पण राजांचा जीव की प्राण! अहो, झोपताना मुकुट काढून ठेवायचे, पण हा कन्सोल उशाखालीच. अडचण एकच होती. राजांचे अंगठे म्हणजे चांगली राजेळी केळी! एक बटण दाबायला जावं तर तीन दाबली जायची, आणि राजांची घोडागाडी शर्यत सोडून ओढ्यात.

आणि आज संध्याकाळी शर्यत खेळायला साक्षात व्याही येणार होते! लेकीच्या लग्नात त्यांनी राजांना हरवलं होतं, वर मिशीला पीळही दिला होता.

"मला कीबोर्ड पाहिजे, म्हणजे बोटं मावतील," राजे म्हणाले. "व्याह्यांना जॉयस्टिक पाहिजे, पाहुणे पडले. आणि चार्जर तर हवाच! नाहीतर ऐन शर्यतीत बॅटरी मरायची आणि व्याही म्हणायचे, पळ काढलात!"

प्रधानजी पुढे सरसावले. "महाराज, आणखी दोन भोकं पाडू?"

"तुमच्या डोक्याला पाडीन! माझा हुकूम विसरलात?"

हुकूम कोण विसरेल? 'एका आवतणाला एक माणूस, एका भोकाला एक पिन!' दुसरा अर्धा नुसता जोडीला बरा दिसतो म्हणून घातलेला. पहिल्या अर्ध्यामागे मात्र मोठं रामायण होतं.

राजवाड्याची आवतणं द्यायला सटवाजी दारोदार फिरायचा. लग्नाच्या वेळी राजे म्हणाले, "सगळं गाव जेवलं पाहिजे!" सटवाजीनं शब्द पाळला. घरटी एक नाही, चूलबंद आवतण दिलं! म्हणजे त्या दिवशी कुणी घरी चूल पेटवायचीच नाही, पाळण्यातल्या पोरासकट जेवायला यायचं. मग काय, आलं की गाव लोटून! जिलबी संपली, मठ्ठा संपला, भातही संपला. शेवटच्या पंगतीला राजे स्वतः बसले, तर पानात मीठ आणि लिंबाची फोड! व्याही खो खो हसले आणि सटवाजी गेला कोठडीत.

"जो हे काम करील त्याला मागेल ते देईन!" राजे गरजले. "आणि जो हात घालून फसेल, तो सटवाजीच्या शेजारी!"

झालं! सगळा दरबार आपापल्या पायांचे अंगठे बघायला लागला.

"मी करते!" दारातून आवाज आला.

सटवाजीची लेक साळू होती ती. बापासाठी भाकरी घेऊन आली होती. घरी बाप नाही म्हणून तिला घास गोड लागत नव्हता. भाकरी तिथंच ठेवून ती पळाली बाजारात, आणि परत आली ती मुठीत काहीतरी घेऊन.

"याला हब म्हणतात, महाराज. इकडं शेपटी, शेपटीला एक पिन. तिकडं चार तोंडं. तुमचा हुकूम एका पिनेचा ना? ही बघा, एकच!"

पिन यंत्रात गेली. कीबोर्ड हबमध्ये गेला, जॉयस्टिकही गेली. पडदा उजळला, घोडे फुरफुरले, राजांनी टाळी वाजवली आणि... फुस्स! यंत्र बंद!

"बघा, बघा!" राजे किंचाळले. "दोघं पाहुणे जेवले आणि यजमान उपाशी मेला! माझं झालं होतं ना, हुबेहूब तेच!"

"पोरीचं पान बापाशेजारी मांडा!" प्रधानजी खूश झाले.

पण पोरगी भलती वस्ताद! "जरा दम धरा, प्रधानजी. एक पाहुणा यायचाय अजून. तो शिधा घेऊन येतोय!"

आणि तिनं चार्जर हबमध्ये खुपसला. जरा वेळानं यंत्र जागं झालं! कीबोर्डचे दिवे लागले, जॉयस्टिक थरथरली, वर बॅटरीही भरायला लागली. राजांनी कीबोर्डवर दहाही बोटं सोडली, प्रधानजींना जॉयस्टिक धरायला लावली आणि पहिल्याच शर्यतीत त्यांना ओढ्यात घातलं!

"जिंकलो! अगं, जिंकलो!" राजे सिंहासनावर चढून नाचायला लागले.

ओढ्यात पडलेले प्रधानजी जळफळले. "महाराज, हुकूम मोडला! पिन एकच गेली खरी, पण तिच्यामागून तिघं आत घुसले!"

"मी आवतण एकालाच दिलं," साळू म्हणाली. "पण दिलं चूलबंद!"

राजांचा नाचता पाय वरच राहिला.

"चूलबंद आवतण हा गुन्हा असेल, तर या हबला आत्ताच्या आत्ता कोठडीत टाका, महाराज. आणि गुन्हा नसेल, तर माझा बाप तिथं काय करतोय?"

तेवढ्यात वेशीवर नगारा वाजला. व्याही आले! राजांनी हबकडे पाहिलं, वेशीकडे पाहिलं, आणि हब गपकन छातीशी धरला.

"याला कोठडीत? मग मी व्याह्यांशी काय गोट्या खेळू?" राजांना हसू फुटलं. असं हसले, असं हसले की मुकुट घरंगळत प्रधानजींच्या पायाशी गेला. "सोडा रे सटवाजीला! त्याचं काम त्याला परत! साळूला नवा कोरा गेम द्या, आणि आज तिचं पान माझ्या पानाला लागून!"

सटवाजी डोळे चोळत आला. साळू त्याच्या गळ्यातच पडली. एका हातानं लेकीला धरून त्यानं घाबरत घाबरत विचारलं, "महाराज, आजच्या जेवणाचं आवतण... घरटी एक देऊ, की..."

"चूलबंद, सटवाजी, चूलबंद!" राजे डोळे पुसत म्हणाले. "पण ही कोठीची किल्ली घे. आधी शिधा, मग आवतण! आणि त्याच्याही आधी माझं पान वाढून झाकून ठेवायला सांग!"