शेजारगाणं

त्या राज्यात नदीच्या दोन्ही काठांवर धनेश पक्षी राहत. चोची तेवढ्याच लांब, उंबरं तीच, वारा तोच. तरीही अलीकडच्या काठावर नराची चोच मादीवर वारंवार उठे आणि पलीकडे क्वचितच. असं का, हे अलीकडे कोणी विचारत नसे, कारण आपल्याकडे तसलं काही होतच नाही, असं तिथल्या सर्वांचं ठाम मत होतं.

धनेशांची रीत जगावेगळी. अंडी घालायची वेळ झाली की मादी झाडाच्या ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून बंद होतं आणि चोचीपुरती एक फट उरते. आत तिची उडायची पिसं गळून जातात. नवी येईपर्यंत नर फटीतून जे उंबर देईल तेच तिचं जेवण. पलीकडे मादी आपलं दार आपणच आतून लिंपे. अलीकडे ते काम नराचं, आणि तो बाहेरून असं लिंपे की आतून टवका निघू नये. मादीचं लिंपण कच्चं असतं, असं अलीकडचे म्हणत. ज्या फटीतून उंबर आत जाई, तिच्यातूनच कधी नुसती चोच आत जाई. पिल्लू फार रडलं, तिने उंबर सांडलं, वाऱ्याने झोप मोडली. कारणांना काय तोटा?

मग आतून ओरडणं ऐकू येई आणि शेजारी आपल्या कर्तव्याला जागत. आजूबाजूच्या झाडांवरचे सगळे एका सुरात गाऊ लागत, ते ओरडणं बुडेपर्यंत. याला शेजारगाणं म्हणत. कोणाच्या घरची अब्रू चव्हाट्यावर येऊ नये, एवढाच त्यामागचा सद्हेतू. पहिली ओळ उचलण्याचा मान सावरी नावाच्या प्रौढ धनेशिणीचा होता. तिचा आवाज नदीपार पोचे. तरुणपणी तिच्या ढोलीपुढेही शेजारी गायले होते, आणि फार सुरेख गायले होते, असं ती कौतुकाने सांगे.

एके वर्षी राजाने दोन्ही काठांची पाहणी करायला एक बगळा पाठवला. बगळा मोठा विद्वान, एका पायावर उभा राहून विचार करणारा. तो प्रत्येक ढोलीपाशी जाई आणि नराला शेजारी बसवूनच आतल्या मादीला विचारी, "बाई, तुम्हाला मारहाण होते का हो?" अलीकडच्या माद्या म्हणत, "छे हो! ही पिसं? ती आमची गळतातच." पलीकडच्या माद्यांनी मात्र नरासमोरच बोलायला सुरुवात केली, आणि बगळ्याला तिथे तीन दिवस जास्त राहावं लागलं.

निकाल सांगायला अलीकडच्या काठावर समारंभ ठेवला होता. बगळ्याने वाचलं, "अलीकडचा काठ, एकही तक्रार नाही. पलीकडचा काठ, त्रेचाळीस."

एकच जल्लोष झाला. काठाचा मुखिया हेळा छाती फुगवून म्हणाला, "पाण्याचा गुण आहे हा. रक्तात असावं लागतं."

सावरी पुढच्याच फांदीवर बसली होती. सन्मान तिचाही व्हायचा होता. पण हेळाचं बोलणं तिला टोचलं. तिचा सख्खा भाऊ किंजळ दोन वर्षांमागे पलीकडे राहायला गेला होता. इथे असताना तो बायकोची पिसं उपटायचा, हे तिला चांगलं ठाऊक होतं, कारण ते आवाज तिनेच झाकले होते. तिकडे गेल्यापासून त्याने बायकोला चोच लावली नव्हती. त्याचं रक्त काय नदी ओलांडताना गळून गेलं?

न राहवून तिने विचारलं, "पंडितजी, तिकडे ओरडणं ऐकू आलं की कोणतं गाणं म्हणतात?"

"गातच नाहीत! सगळे उठून त्या फांदीवर येऊन बसतात आणि नराकडे बघत राहतात. बाईची नवी पिसं येईपर्यंत आळीपाळीने उंबरंही तेच देतात. अगदीच अरसिक लोक."

सगळे पोट धरून हसले. तेवढ्यात समोरच्या झाडावरून किंकाळी आली. त्या ढोलीत सावरीची लेक केवणी होती, दोन पिल्लांसह महिनाभर लिंपलेली. ढोलीबाहेर जावई बोंडारा फटीत चोच खुपसून होता.

सगळ्यांच्या माना सावरीकडे वळल्या. "मावशी, उचला ना," मागून कोणी कुजबुजलं.

तिने चोच उघडली. सवयच ती. पण सूर निघाला नाही. महिन्याभरात याच ढोलीपुढे तिने चार वेळा गाणं उचललं होतं. त्या गाण्याखाली लेक काय ओरडत होती, हे तिला आज पहिल्यांदा कळलं. केवणी "आई" म्हणत होती.

सावरीला स्वतःची विलक्षण लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ संताप आला.

"मावशी, पाहुणे बसलेत," हेळा दबक्या आवाजात म्हणाला.

"बसू देत. ऐकू देत त्यांना."

ती उडाली आणि ढोलीसमोरच्या फांदीवर जाऊन बसली. "जावईबापू, चोच बाहेर घ्या."

बोंडाराने मान वळवली. "आमच्या घरातली गोष्ट आहे ही. तुम्ही जा."

"नाही जात."

"किती वेळ बसणार आहात?"

"तिला पिसं फुटेपर्यंत बसेन. नंतर दुसऱ्या ढोलीपुढे बसेन. मला आता दुसरं काम नाही."

हेळाने स्वतःच गाणं उचललं. आवाज घोगरा, चाल चुकलेली. दोघा-तिघांनी साथ दिली, पण ते काही जमेना. एक म्हातारी धनेशीण मधूनच उठली, चोचीत एक उंबर घेऊन सावरीशेजारी येऊन बसली. मग आणखी एक. मग तरुण नरांपैकी एक, खाली मान घालून. बोंडाराने एकेकाकडे पाहिलं आणि चोच फटीतून काढून घेतली. म्हातारीने पुढे होऊन उंबर आत सरकवलं.

गाणं बंद पडलं. काठावर अशी शांतता कोणाच्या आठवणीत पसरली नव्हती. त्या शांततेत शेजारच्या झाडाच्या ढोलीतून हाक ऐकू आली, "ताई!" त्याच्या मागच्या झाडातून, "अगं, कोणी आहे का?" मग नदीच्या वळणावरून, मग डोंगराच्या पायथ्याकडून. समारंभाच्या झाडावर एकटा बगळा उरला. आणि काठावरच्या एकेका हाकेसरशी, ती जिथून आली त्या ढोलीसमोरची फांदी येऊन बसणाऱ्यांच्या भाराने वाकत गेली.