शाईशिवायचे साहेब

मुलींच्या वसतिगृहाचे नवे अधीक्षक घोरपडे यांनी तरन्नुम मुजावरचा रहिवासी दाखला विंचू झटकावा तसा परत सरकवला.

"ही संगणकाची सही. मला शाईची लागते, वर गोल शिक्का. नाहीतर प्रवेश नाही."

"साहेब, कायद्याने दोन्ही सह्या सारख्याच. आणि आज शेवटचा दिवस आहे हो."

"कायदा मला शिकवू नकोस. शाईशिवाय कागद म्हणजे रद्दी!"

दारावर साहेबांच्या नेमणुकीचा आदेश मोठ्या हौसेने चिकटवला होता. त्यावरही डिजिटल सहीच होती. तरन्नुमने तो वाचला आणि ती शिपायाकडे वळली.

"मामा, जुन्या साहेबांना फोन लावा. म्हणावं, लवकर या, तुमच्या खुर्चीत कुणी परके गृहस्थ बसलेत."

शिपायाने खरोखरच फोन उचलला.

"ठेव तो!" म्हणत घोरपड्यांनी प्रवेशपत्रावर सही ठोकली. अर्थात, शाईची.