उंबरावर टांगलेली फिरकी

फार फार पूर्वी, राजाची दवंडी पोचेपर्यंत शिळी होऊन जायची अशा एका आडबाजूच्या खाडीकाठी भिवा नावाचा एक माणूस राहत होता. गळ टाकून मासे धरायचा. कष्टाळू होता, हातानं तरबेज होता, फक्त जिभेला लगाम जरा कमी होता. असे लोक तुमच्याही ओळखीचे असतील, मी कुणाकडं बोट दाखवत नाही.

त्या गावात गळाच्या काठीला फिरकी बांधत. फिरकी म्हणजे लाकडाचं गोल चाक, मधे पितळेची आस, बाजूला फिरवायला मूठ. चाकावर दोर गुंडाळलेला. मासा लागला की मूठ फिरवायची आणि दोर ओढून घ्यायचा. मासा हाती येणार की जाणार, हे त्या चाकावर ठरायचं.

भिवाची जुनी फिरकी मोडली, म्हणून तो बायकोला, चंद्रीला घेऊन जत्रेत गेला. एका दुकानात सगळी पितळेची, वर मोर कोरलेली फिरकी होती. ती परवडणारी नव्हती, शिवाय उचलतानाच मनगट भरून येत होतं. दुसरीकडं बांबूच्या फिरक्यांचा ढीग होता, अगदी स्वस्त. भिवानं एक फिरवली तर ती खडखड वाजली. आस दोन्हीकडं डुलत होती.

"वाजतेय ती नको," चंद्री म्हणाली.

शेवटी ती दोघं जत्रेतच माल मांडून बसलेल्या येसूआत्याकडं आली. येसूआत्या त्यांच्याच गावची कातारीण, चाकावर लाकूड कातून वस्तू बनवणारी. तिची फिरकी फणसाच्या लाकडाची, दिसायला साधी, किमतीला मधली. भिवानं ती कानाशी धरून फिरवली. आवाज नाही. आस दाबून पाहिली. हलली नाही.

"हीच!" भिवा म्हणाला. आणि खरं सांगायचं तर निवड अगदी नेमकी केली होती त्यानं.

येसूआत्यानं फिरकीबरोबर करंजाच्या तेलाची एक बुधली दिली, तोंड मेणानं बंद केलेली. म्हणाली, "हे बघ भिवा, खाडीचं पाणी खारं. रोज घरी गेलास की गोड्या पाण्यानं धू, सावलीत वाळव. अधनंमधनं चाकाची खीळ काढून आसेला तेल सोड. एवढं केलंस तर तुझ्या नातवाच्या हातात जाईल."

"होय होय आत्या, लहान का आहे मी आता?" भिवा म्हणाला.

मग काय विचारता! दिसेल त्याला थांबवून भिवा फिरकी दाखवू लागला. "निवडायला नजर लागते, नजर!" घाटावर, बाजारात, कुणाच्या बारशातसुद्धा तेच पुराण. धुणं मात्र आज राहिलं, उद्या राहिलं, मग आठवेनासंच झालं. घरी आला की फिरकी उन्हातल्या खुंटीला अडकवायची आणि जेवायला बसायचं.

"अहो, धुतलीत का?" चंद्री विचारायची.

"अगं, फणसाचं लाकूड ते. त्याला काय धाड भरलीय?"

त्या गावात खाडीमातेचा उत्सव असे. उत्सवाचा पहिला मासा गावानं निवडलेला एकच माणूस धरी, आणि सारा गाव काठावर उभा राहून बघे. त्या वर्षी लोक म्हणाले, "भिवालाच उभं करा. एवढी नामी फिरकी आहे त्याची."

भिवा नवं धोतर नेसून उभा राहिला. गळ पडला आणि थोड्याच वेळात असा काही हिसका बसला की काठी वाकली. जिताडा होता, चांगला हातभर लांब. लोक ओरडले, "ओढ, भिवा, ओढ!"

भिवानं मूठ फिरवली. फिरकी कुरकुरली आणि जागच्या जागी अडकली. त्यानं जोर केला. मूठ हलेना. दोर ताणला, तळहात कापत गेला आणि तटकन तुटला. जिताडा पाण्यात शेपटी मारून गेला.

मग कुणीतरी हसलं, आणि बघता बघता सारा काठ हसायला लागला. भिवाला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि त्या लाजेच्या भरात त्याच्या तोंडून निघून गेलं, "मी काय करू? येसूआत्यानं फसवलं मला! किडकं लाकूड माथी मारलं!"

आता त्या गावची एक रीत ऐका. ज्या कारागिराची वस्तू ऐन वेळी दगा देई, ती वस्तू घाटावरच्या उंबराला टांगत. येणाऱ्याजाणाऱ्यानं ती बघावी आणि त्या कारागिराकडं जाऊ नये. टांगणाऱ्याखेरीज तिला कुणी हात लावायचा नाही. आणि टांगणाऱ्यानं उतरवली, तर दोष त्याचा होता असं समजायचं. आजवर कुणीच काही उतरवलं नव्हतं.

भिवा तरातरा उंबरापाशी गेला. फिरकी फांदीला बांधताना ती उलटी झाली आणि तिच्या पोटातून त्याच्या तळहातावर वाळू सांडली. ओलसर वाळू, आणि तिच्यात माशाचे सुकलेले खवले. त्यानं चटकन हात धोतराला पुसला. कुणी पाहिलं नाही.

पण त्यानं पाहिलं होतं ना!

लोकांनी येसूआत्याकडं जाणं सोडलं. तिचं कातायचं चाक बंद पडलं. एकदा ती उंबराखाली येऊन भिवाला म्हणाली, "भिवा, तेवढी खाली काढ. मला तिच्या आत बघू दे. माझं चुकलं असेल तर मी कबूल करीन."

"आता काय बघायचंय त्यात?" भिवा म्हणाला आणि मान खाली घालून निघून गेला. तिच्या डोळ्यांकडं बघायची त्याची हिंमत झाली नाही. त्या दिवसापासून तो घाटाला वळसा घालून जाऊ लागला. वाऱ्यानं उंबर सळसळला तरी त्याला वाटे, ती फिरकी आपल्यालाच हाक मारतेय. घास गोड लागेना. चंद्रीशीही तो धड बोलेना.

एका दुपारी चंद्रीनं त्याचं ताट वाढलं आणि ताटाशेजारी एक बुधली ठेवली. करंजाच्या तेलाची. तोंडावरचं मेण जसंच्या तसं.

"ही कुठं सापडली?" भिवानं विचारलं.

"तुम्ही ठेवलीत तिथंच. तांदळाच्या मडक्यामागं." चंद्री एवढंच म्हणाली आणि भात वाढायला उठली.

भिवा त्या मेणाकडं बघत राहिला. शरमेनं त्याचे कान तापले. भरल्या ताटावरून तो उठला, बुधली घेतली आणि थेट घाटावर गेला. बाजाराचा दिवस, माणसांची ही गर्दी! सगळ्यांच्या देखत तो उंबरावर चढला आणि फिरकी सोडून खाली उतरला. लोक बघतच राहिले.

"उतरवलीस? मग दोष तुझा ठरला रे!" एक म्हातारा ओरडला.

भिवानं दगडावर बसून खीळ काढली आणि चाक उलटं धरलं. वाळू आणि खवले भुरभुर खाली पडले. आस कळकून हिरवी पडली होती. लाकडाला मात्र किडीचं एक भोक नव्हतं.

"लाकूड किडकं नव्हतं," भिवा म्हणाला. "मी एकदाही धुतली नाही. तेल हे असं अजून बंदच आहे. तुम्ही हसलात म्हणून मी आत्याला पुढं केलं. टांगतानाच मला कळलं होतं, तरी मी टांगली."

कुणी हसलं नाही. हसले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

गर्दीतून येसूआत्या पुढं आली. भिवानं तिचे पाय धरले. "आत्या, मला दुसरी फिरकी करून दे. म्हणजे तुझं चाक पुन्हा सुरू झालेलं गावाला दिसेल."

येसूआत्यानं ती फिरकी हातात घेतली, फुंकर मारली, आस पदरानं पुसली आणि भिवाच्या हातात परत दिली.

"माझं चाक मी सुरू करीन. तुला दुसरी कशाला? ही चांगली आहे," ती म्हणाली. "हिलाच रोज धुवायला बस."

त्या संध्याकाळपासून भिवा रोज घाटावर, सगळ्यांच्या देखत, गोड्या पाण्याची घागर घेऊन फिरकी धूत बसे. लोक येताजाता बघत आणि त्याचे कान लाल होत. म्हातारा झाला तरी होत असत. फिरकी मात्र पुन्हा कधी अडकली नाही.

तात्पर्य: चांगली वस्तू निवडणं एका दिवसाचं काम असतं आणि ती राखणं रोजचं; रोजच्या कामात आपण चुकलो, तर तो दोष दुसऱ्याच्या नावावर टांगू नये.